बघितलं होतं, पण दिसला नाही

ठाण्याला राहणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ‘दर मे महिन्यात आणि गणपतीला आम्ही कारने लांज्याजवळच्या गावी येतो. यंदा मे महिन्यात गावच्या फाट्यावर उजवीकडे वळताना समोरून बाईक आली. त्या मुलाने ब्रेक मारला, गाडी घसरली, त्याचा गुडघा फुटला. फाट्याच्या पुढे रस्ता लगेच उजव्या हाताला वळतो. मी दोन्हीकडे बघितलं होतं, देवाशपथ. बायको म्हणते, तुमचं लक्षच नव्हतं. मेहुणे म्हणतात, बाईकवाले असेच येतात, तू कशाला मनाला लावून घेतोस. चूक कोणाची? आणि ऑगस्टमध्ये आमच्या गावच्या मुंबई मंडळाची सभा असते. गाड्या घेऊन येणाऱ्या चाकरमान्यांना तिथे काय सांगू, म्हणजे ते ऐकतील?’

मी रत्नागिरीत सव्वीस वर्षं मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, आणि त्याच्या दुप्पट नसली तरी बरीच वर्षं बाईकवर काढली आहेत. त्यामुळे दोन्हीकडून बोलेन.

चूक तुमची. तेवढं आधी मोकळं करून टाकू. उजवीकडे वळणाऱ्याने समोरून सरळ येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, मग तो ट्रक असो की लुना. पण वहिनी म्हणतात तसं लक्ष नव्हतं, असं मला वाटत नाही. तुम्ही बघितलंत यावर माझा विश्वास आहे. असा प्रसंग घडल्यावर माझ्याकडे जे कोणी येतात ते जवळजवळ सगळे हेच वाक्य बोलतात: ‘बघितलं होतं ओ, दिसलाच नाही.’ पूर्वी मला वाटायचं, थापा मारतात. मग एकदा माझ्याच हातून घडलं (ते पुढे सांगतो), तेव्हा कळलं की माणूस खरं बोलत असतो.

युरोपातल्या पाच देशांत १९९९-२००० मध्ये दुचाकींचे ९२१ अपघात जागेवर जाऊन तपासले होते. ज्यात समोरच्या गाडीच्या ड्रायव्हरची चूक निघाली, त्यातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त ठिकाणी चूक एकच होती: त्याला दुचाकी जाणवलीच नाही. वेग, दारू, उर्मटपणा हे सगळं नंतर. तिकडचे रस्ते वेगळे आहेत, पण डोळे तेच.

आता घरी एक करून बघा. आरशासमोर उभे राहा आणि आपल्याच डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्याकडे, मग पुन्हा डाव्याकडे. तुमची बुबुळं हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी वहिनी उभ्या असतील तर त्यांना स्पष्ट दिसतील. नजर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारते तेव्हा त्या उडीपुरतं मेंदू चित्र बंद ठेवतो आणि मधली फट आपल्या मनाने भरून टाकतो. फाट्यावर तुम्ही झर्रकन उजवीकडे, झर्रकन समोर बघितलंत. नजर दोन-तीन ठिकाणी टेकली आणि मधला तुकडा मेंदूने ‘रस्ता मोकळा’ म्हणून भरला. ट्रक असता तर कुठल्या ना कुठल्या टेकण्यात सापडलाच असता. बाईक समोरून बघितली तर हातभर-दीड हात रुंद. ती त्या दोन टेकण्यांच्या मध्ये आरामात मावते.

दुसरी गोष्ट खांबाची. काचेच्या उजव्या कडेला जो लोखंडी खांब असतो, तो नव्या गाड्यांत चांगलाच जाड आहे. गाडी उलटली तर छप्पर दबू नये म्हणून तो तसा करतात, ते बरोबरच आहे. पण ड्रायव्हरच्या डोळ्यापासून पाऊण मीटरवर दहा सेंटीमीटरचा खांब असेल, तर एका डोळ्यापुरता तो वीस मीटरवरचा अडीच-तीन मीटरचा पट्टा झाकून टाकतो. दोन डोळ्यांनी बराच कमी, मीटरभर झाकतो, तरी बाईक लपायला पुरतो. तुमच्या फाट्यापुढे रस्ता उजवीकडे वळतो असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे समोरून येणारा नेमका त्याच खांबाच्या दिशेने येतो. त्यात वाईट असं की तुम्ही हळूहळू पुढे सरकत असता आणि तोही वळणावर पुढे येत असतो, तेव्हा दोघांचा हिशोब जुळला तर तो खांबामागून बाहेर पडतच नाही. शेवटच्या क्षणी एकदम बॉनेटसमोर उगवतो. मग आपण म्हणतो, ‘कुठून आला कोण जाणे!’

गावी आलात की खळ्यात गाडी लावा, स्वतः स्टेअरिंगवर बसा आणि भाच्याला सांगा, तीस-चाळीस पावलांवरून बाईक ढकलत उजवीकडून समोर ये. किती वेळ तो तुम्हाला दिसत नाही ते मोजा. मुंबई मंडळाच्या सभेत शंभर भाषणं करण्यापेक्षा हे दोन मिनिटांचं काम जास्त पटतं. मी शाळेत हेच करतो आणि दर वेळी कोणीतरी ‘आयला’ म्हणतंच.

तिसरी गोष्ट अंतराची. लहान दिसणारी वस्तू आपल्याला लांब वाटते, आणि तिचा वेगही कमी वाटतो. ट्रक जवळ येताना नजरेत भराभर मोठा होत जातो. बाईक शेवटच्या दोन-तीन सेकंदांपर्यंत ठिपकाच राहते. ताशी पन्नासने येणारी बाईक सेकंदाला चौदा मीटर कापते. जवळजवळ थांबलेली कार उजवीकडे वळून रस्त्याबाहेर जायला चार सेकंद घेते, पाठीमागे सामान आणि सासूबाई असतील तर थोडे जास्त. तेवढ्यात बाईक पंचावन्न मीटर पुढे येते. एसटीच्या पाच गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होईल एवढं ते अंतर. ‘अजून लांब आहे’ म्हणून आपण गाडी घालतो तेव्हा बाईक बहुधा ह्या पाच एसटींच्या आत असते.

आणि त्याने ब्रेक मारल्यावर तो घसरला, त्याचंही कारण आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या बाईकना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि त्याखालच्यांना कॉम्बी ब्रेक असा नियम झाला. आपल्या गावांतल्या बहुतेक गाड्या शंभर-सव्वाशेच्या, आणि अनेक त्याहून जुन्या. कॉम्बी ब्रेक दोन्ही चाकांना ब्रेक लावतो खरा, पण चाक जाम होण्यापासून वाचवत नाही. वळणावर, जांभ्याचे बारीक खडे पसरलेल्या डांबरावर घाबरून ब्रेक दाबला की पुढचं चाक निसटतं. त्याने ब्रेक मारला नसता तर तो तुमच्या दरवाजावर आला असता. त्याला दुसरा मार्ग तुम्ही ठेवला नव्हता. मेहुण्यांना एवढं सांगा.

आता उपाय. फाट्यावर पोहोचण्याआधी इंडिकेटर द्या, वेग पायी चालणाऱ्याएवढा करा, आणि मग मान वापरा. नुसते डोळे फिरवू नका, अख्खं अंग पुढे-मागे करा. स्टेअरिंगवर झुकून एकदा खांबाच्या पुढून बघा, पाठ टेकवून एकदा खांबाच्या मागून बघा. जुने ट्रक ड्रायव्हर असे डुलताना दिसतात, ते उगाच नव्हे. नजर लांबून जवळ आणा आणि तीन ठिकाणी मुद्दाम थांबवा: वळणाच्या टोकाशी, मध्ये, आणि गाडीच्या नाकाशी. प्रत्येक ठिकाणी मनात ‘बाईक?’ असा शब्द म्हणा. हसू येईल, पण म्हणा. डोळा ज्याची वाट बघतो तेच त्याला सापडतं. बाजारात हरवलेल्या लाल छत्रीला शोधताना सगळ्या लाल छत्र्या दिसायला लागतात, तसंच आहे हे. तुम्ही फाट्यावर ‘गाडी’ शोधत होता. तुमच्या डोक्यात गाडी म्हणजे कार, एसटी, डंपर. आमच्याकडे बाईकलाही गाडीच म्हणतात. ठाण्यात राहून तुमची सवय मोडली असेल.

माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यानंतर मी बोलत गाडी चालवायला लावतो. जी दुचाकी दिसेल ती मोठ्याने सांगायची. ‘समोर एक, आरशात एक, डाव्या हाताला पानटपरीजवळ एक, स्टँड काढतोय.’ रत्नागिरीत मारुती मंदिरापासून साळवी स्टॉपपर्यंत जायचं आणि यायचं. पहिल्या दिवशी विद्यार्थी बोलतो त्याच्या दुप्पट दुचाकी मला दिसत असतात. चौथ्या-पाचव्या दिवशी तो मला मागे टाकतो. नंतर बोलायची गरज राहत नाही, नजर आपली आपण मोजत राहते.

त्याच्या आधी मात्र दुसरं एक करतो, आणि त्यावरून काही पालक माझ्यावर नाराजही झाले आहेत. कार शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी एक दिवस हेल्मेट घालून माझ्यामागे बाईकवर बसवतो. हातखंब्यापर्यंत जातो आणि येतो. एका बाई म्हणाल्या, ‘सर, मी कारचे पैसे भरलेत.’ बसल्या, आल्या, आणि उतरल्यावर एवढंच म्हणाल्या की त्या एसटीचा वारा लागला तेव्हा आपण रस्त्याबाहेरच जातो असं वाटलं. मी म्हटलं, आज तुमचं निम्मं शिकून झालं. वर सांगितलेल्या त्या ९२१ अपघातांच्या तपासणीतही हेच निघालं होतं: ज्या कारचालकांकडे दुचाकीचंही लायसन्स होतं, त्यांच्याकडून दुचाकी न दिसण्याची चूक कमी झाली होती. दुचाकी चालवलेल्या माणसाला ती कुठून येते हे ठाऊक असतं.

म्हणून आता बाईकवाला जे करतो ते का करतो, हे जरा सविस्तर सांगतो. मुंबईहून येणाऱ्या कारवाल्यांचा सगळ्यात मोठा राग असा असतो की हे सरळ चालवत नाहीत. बरोबर आहे. सरळ चालवता येत नाही. कारच्या चार चाकांना जो खड्डा गचका देतो, तो बाईकला आडवी पाडू शकतो. जुलैत लावणीच्या दिवसांत पॉवर टिलर शेतातून रस्त्यावर येतो आणि लोखंडी चाकांचा चिखल पन्नास-पाऊणशे मीटर सांडत जातो. तुम्हाला तो नुसता लाल पट्टा दिसतो, बाईकवाल्याला ते साबण ओतल्यासारखं असतं. ऑक्टोबरात त्याच रस्त्यावर भात वाळत असतं, नाहीतर पेंढा पडलेला असतो. साकवाच्या तोंडाशी लोखंडी पट्टी असते, ती ओली असताना चाक सरकतं. रस्त्यावर ओढलेले पांढरे पट्टेसुद्धा पावसात निसरडे होतात. घाटात कुठल्यातरी ट्रकचं डिझेल गळलेलं असतं, त्याचा इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला की बाईकवाला एकदम डावी-उजवी बदलतो. हे तो तुम्हाला विचारून करणार नाही. त्याला वेळ नसतो.

तेव्हा तुम्ही रस्ता वाचा. बाईकवाल्याच्या पुढे खड्डा, चिखल, कुत्रा, म्हैस, शेणाचा पो, काहीही दिसलं की समजा, दोन सेकंदांत हा तुमच्या लेनमध्ये असणार. मागे अंतर ठेवा. पुढची बाईक रस्त्याकडेच्या एखाद्या विजेच्या खांबाशी पोहोचली की ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ म्हणा, आणि तुम्ही त्या खांबाशी ‘तीन’च्या आधी पोहोचत असाल तर तुम्ही जवळ आहात. पावसात ‘एकशे पाच’पर्यंत मोजा. ताशी साठने जाताना धोका कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच पंचवीस मीटर जातात, त्यानंतर कोरड्या रस्त्यावर वीसेक आणि ओल्यावर पस्तीसेक मीटर लागतात. शिवाय घाटात उतरताना चांगला बाईकवाला गिअरवर वेग कमी करतो. ब्रेकला हात-पाय लावत नाही, म्हणून मागचा लाल दिवा लागत नाही. तुम्ही दिव्याची वाट बघत राहिलात तर त्याच्या नंबरप्लेटवर जाल.

आणि त्याच्यावर काय लादलेलं आहे ते बघा. मे महिन्यात मागे दोन आंब्याच्या पेट्या आडव्या बांधलेल्या असतात, त्या हँडलपेक्षा रुंद. सकाळी बंदरावरून निघालेली बजाजची जुनी एम-एटी दुचाकी माशांच्या टोपल्या घेऊन वाडीवाडीत जात असते, हॉर्न वाजवत, आणि हाक आली की जिथल्या तिथे थांबते. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मागे बसलेल्या मुलाच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला गणपती असू शकतो. तो चालवणारा खड्डा दिसला तर जवळजवळ थांबेल, आणि थांबलाच पाहिजे. पावसात मागची बाई छत्री उघडून बसते. चुकीचं आहे, हजारदा सांगून झालं, पण बसते. आणि तुम्ही ऐंशीने बाजूने गेलात तर ती छत्री उलटी होऊन चालवणाऱ्याच्या तोंडावर येते. लादलेली बाईक लवकर थांबत नाही, लवकर वळत नाही आणि वाऱ्याने हलते. तिला ओव्हरटेक करताना कारला देता तेवढी जागा द्या. म्हणजे पूर्ण पलीकडच्या बाजूला जाऊन पुढे व्हा. ती जागा नसेल तर मागे राहा. पाणी साचलं असेल तर वेग टाका, नाहीतर तुमच्या चाकाचं लाल पाणी थेट त्याच्या तोंडावर जातं. हेल्मेटच्या काचेला वायपर नसतो. दोन-तीन सेकंद तो आंधळा असतो.

पावसाबद्दल आणखी एक. काळा रेनकोट, काळा रस्ता, मळभ, त्यात तुमच्या काचेवर वाफ. जूनच्या पहिल्या दोन-तीन सरींत रस्ता सगळ्यात निसरडा असतो, कारण सहा महिन्यांची धूळ आणि तेल एकत्र होऊन वर येतं. तेव्हा दिवसाही दिवे लावा, तुम्ही त्याला दिसणंही गरजेचं आहे. आणि जाता जाता: एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत आपोआप चालूच राहतो. तो तुमच्यासाठीच आहे, तुम्हाला दिसावं म्हणून. तरी आजही लोक समोरून हात हलवून ‘लाईट बंद कर’ असं खुणावतात. नका करू. तो बिचारा बटण शोधायला खाली बघतो, आणि ते बटण त्या गाडीला नसतं.

घाटात आणि वाडीच्या अरुंद रस्त्यांवर कारवाले वळण कापतात, म्हणजे उजव्या वळणावर आतून जातात. समोरून बाईक आली तर तिच्यासाठी उरते ती साइडपट्टी, आणि कोकणात साइडपट्टी बऱ्याच ठिकाणी रस्त्यापेक्षा वीतभर खाली. उलट बाजूनेही विचार करा: बाईक वळताना आतल्या बाजूला कलते. तिचं चाक मधल्या पट्टीच्या आत असलं तरी चालवणाऱ्याचं डोकं आणि खांदा पट्टीच्या पलीकडे, तुमच्या बाजूला आलेला असू शकतो. पट्टीला घासून चालवू नका. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या, पण हॉर्न दिला म्हणजे रस्ता आपला झाला असं समजू नका. हेल्मेटमध्ये, पावसात, वाऱ्यात त्याला तो ऐकू येतोच असं नाही.

महामार्गावर दुसरंच दुखणं आहे. चौपदरी झाल्यापासून दुभाजकातला कट लांब पडतो, म्हणून वाडीतला माणूस पाव-अर्धा किलोमीटर उलट बाजूने कडेकडेने येतो. नियमाने चूकच. पण सर्व्हिस रोडवरून किंवा पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना तुम्ही फक्त उजवीकडे बघत असता आणि हा डावीकडून आलेला असतो. गाडी हलवण्याआधी शेवटची नजर डावीकडे टाका. त्याची चूक आहे म्हणून त्याचं हाड कमी मोडत नाही.

दोन सवयी सोडा. मागच्याला ‘ये, पुढे जा’ सांगायला इंडिकेटर देणं ही एक. काही ट्रकवाले त्यासाठी उजवा देतात, काही डावा. मागचा बाईकवाला तुमचा उजवा बघून ‘साइड दिली’ समजून येतो आणि तुम्हाला खरंच उजवीकडे वळायचं असतं. वळणार असाल तरच इंडिकेटर, आणि वळून झाल्यावर बंद. दुसरी सवय समोरच्याला अप्पर-डिप्पर मारण्याची. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मी येतोय, थांब’ असा धरतात, पण काहीजण तो ‘तू ये’ असाही घेतात. ज्या खुणेचे दोन उलट अर्थ होतात ती न केलेली बरी.

आता माझी गोष्ट. बारा-तेरा वर्षांपूर्वी बाजारात मी गाडी कडेला लावली. आरशात बघितलं, काही नव्हतं, दार उघडलं. मासे विकून परत जाणारी एक मावशी स्कूटीवरून आली आणि दाराच्या टोकाला हँडल लागून आडवी झाली. रिकामी टोपली घरंगळत पार रिक्षा स्टँडपर्यंत गेली. मनगट मोडलं. मला म्हणाली, ‘डोळे हायत ना तुला? का गाडीतच ठेवलंस?’ त्या वेळी मी चौदा वर्षं लोकांना गाडी शिकवत होतो. दवाखान्यात नेलं, दीड महिना तिच्या घरी माझ्याकडून पैसे पोचवले. पण तिचा जो धंदा बुडाला, जी गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली, ती मी कुठून परत देणार? तेव्हापासून मी दार डाव्या हाताने उघडतो. ड्रायव्हरचं दार उजवीकडे असतं. डावा हात त्या कडीपर्यंत न्यायला गेलात की अंग आपोआप उजवीकडे वळतं, मान मागे जाते आणि खिडकीतून मागचा रस्ता दिसतो. आरशावर भिस्त नको, बाजूचा आरसा फुगीर असतो आणि त्यात मागची वस्तू असते त्यापेक्षा लांब दिसते. डावीकडे बसणाऱ्यांनी उजव्या हाताने उघडायचं. मुलं गाडीत असतील तर त्यांनाही हीच सवय लावा, ती मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात आणि मग आजोबांनाही ओरडतात.

रात्रीचं थोडक्यात. एकच दिवा दिसला तर बाईकच असेल असं धरू नका, दिवा गेलेला टेम्पोही असू शकतो. आणि लाल दिवा दिसला नाही म्हणजे पुढे कोणी नाही असंही नाही, चिखलाने मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर झाकलेले असतात. गणपतीत भजन आणि जाखडीचा नाच आटपून पोरं रात्री एक-दोनला घरी जातात, तीन-तीन जण एका बाईकवर, निम्मी झोपेत. तुम्हीही मुंबईहून आठ-दहा तास चालवून थकलेले असता. गावात शिरायच्या शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये ‘आलंच आता’ म्हणून पाय जड होतो. त्याच दहा किलोमीटरमध्ये सगळ्यात जास्त दुचाकी असतात. महामार्ग सोडल्यावर पाच मिनिटं गाडी थांबवून तोंड धुवा, मग आत शिरा.

मंडळाच्या सभेचं विचारलंत. ‘वाहने सावकाश चालवा’ असा बॅनर लावू नका. तो वाचून कोणी ब्रेकवर पाय ठेवल्याचं मी बघितलेलं नाही. आकडा सांगायचाच असेल तर एकच सांगा: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची, म्हणजे शंभरात साडेचव्वेचाळीस. पण आकडा सभेतच राहतो. माणसं लक्षात राहतात. तुमच्या वाडीत सकाळी साडेसहाला दूध घालायला कोण निघतो? पेपर कोण टाकतो? आंगणवाडीच्या बाई कुठल्या रंगाच्या स्कूटीवर येतात? रात्रपाळीची नर्स किती वाजता फाट्यावर असते? ह्या दहा-पंधरा जणांची नावं, वेळा आणि त्यांना विचारून काढलेला गाडीसकटचा फोटो, एवढं एका पानावर करा आणि मंडळाच्या ग्रुपवर टाका. ‘चतुर्थीला येताना ही माणसं रस्त्यावर असतील.’ फाट्यावर चाकरमान्याच्या डोळ्यांना मग बाईक शोधायची नसते, बाळूकाकांचा मुलगा शोधायचा असतो. आणि तो सापडतो. आमच्या जवळच्या एका वाडीत हे दोन वर्षं करून बघितलं. तिथे किती अपघात टळले ते मी सांगू शकत नाही, पण कारवाले हॉर्न कमी आणि हात जास्त करायला लागले, हे मी स्वतः बघितलं.

मेहुण्यांशी वाद घालू नका. बाईकवाले वेडेवाकडे चालवतात हे मान्य करून टाका, काही खरंच चालवतात, आणि त्यांच्यासाठी माझ्याकडे वेगळी शिकवणी आहे. मग त्यांना म्हणा, हेल्मेट घाला आणि भाच्यामागे बसून लांज्याच्या बाजारात जाऊन या. जाताना एक डंपर ओव्हरटेक करू द्या.

राहता राहिला तुमचा फाटा. मान कितीही फिरवली तरी रानाच्या आरपार दिसत नाही. मे महिन्यात मोकळं दिसणारं ते वळण गणपतीपर्यंत रान वाढून छातीएवढं होतं, आणि करंजाची नाहीतर भेंडीची एखादी फांदी नेमकी डोळ्यांच्या उंचीवर आलेली असते. ग्रामपंचायतीला सांगून, जमीन ज्याची असेल त्याला विचारून, चतुर्थीच्या आधीच्या रविवारी वळणाची आतली बाजू बेणून घ्या. पन्नास-साठ मीटर, त्या पाच एसटींएवढी. दोन गडी, दोन कोयते, अर्ध्या दिवसाचं काम आहे. तो गुडघा फुटलेला मुलगा बरा असेल तर त्याला बोलवा, तो कुठून येतो आणि त्याला तुमची गाडी कुठे दिसते ते त्यालाच उभं राहून दाखवू दे, आणि तिथपर्यंत तोडा.